इपॉक्सीचं काम नवीन शिकताय? आधी हात कसे वाचवायचे ते शिका

थर्ड इयरला मी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये गेले आणि कार्बन फायबरचं काम माझ्याकडे आलं. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर, दोन्ही मिसळले की कडक होतात. आमचं रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१, वजनाने १०० ला १०. सीनियर्सनी प्रमाण शिकवलं, कापड कुठल्या दिशेने टाकायचं ते शिकवलं, वॅक्यूम बॅग कुठून लीक होते ते पण शिकवलं, फक्त हात कसे धुवायचे ते कुणी शिकवलं नाही कारण त्यांना पण कुणी शिकवलं नव्हतं. बेसिनपाशी ॲसिटोनचा कॅन ठेवलेला असायचा, लेअप (कापडाचे थर रेझिन लावून बसवणं) झाला की कॉटन वेस्ट त्यात बुडवायचं आणि कोपरापर्यंत हात पुसायचे. हात पांढरेफटक पडायचे, आणि आम्हाला वाटायचं झाले स्वच्छ.

पुढच्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं. उन्हाळा होता, घामोळं असेल म्हणून त्याने मेडिकलमधून मलम आणून लावलं, आठ दिवसात गेलं, परत लेअप केला, परत आलं. मग एक दिवस सकाळी त्याच्या पापण्या सुजून डोळे अर्धेच उघडत होते. स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, इपॉक्सी रेझिनची ॲलर्जी निघाली. त्या दिवसापासून लेअप चालू असलेल्या खोलीत तो येऊ शकत नाही. आमच्या सगळ्यांत त्याचा हात सफाईदार होता, एकही बुडबुडा राहायचा नाही त्याच्या पार्टमध्ये. मला अजून वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं. आता मी भोसरीत कंपोझिटच्या (फायबर आणि रेझिनच्या पार्टच्या) वर्कशॉपमध्ये आहे आणि नवीन कुणी जॉइन झालं की ब्रश हातात द्यायच्या आधी हे सगळं सांगते.

इपॉक्सी हातावर पडली आणि काहीच झालं नाही, याचा अर्थ ती तुम्हाला चालते असा नाही. ही ॲलर्जी लगेच होत नाही. कुणाला काही दिवसात, कुणाला कित्येक वर्षं काम केल्यावर, आणि एकदा शरीराने ओळखलं की मग सहसा आयुष्यभर राहते, थोडासा डाग लागला तरी एक ते तीन दिवसांनी पुरळ येतं. इतक्या उशिरा येतं म्हणून लोकांना कारणच कळत नाही, साबण बदलतात, जेवणात काय खाल्लं ते आठवत बसतात. बरं हार्डनरचं अजून वेगळं, तो बहुतेक वेळा अमाइन जातीचं केमिकल असतो, त्याने ॲलर्जी तर होतेच पण नुसता अंगावर सांडला तर भाजल्यासारखं पण होतं. डब्याबरोबर सेफ्टी डेटा शीट (त्या केमिकलचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद) मागून घ्या, १६ सेक्शन असतात पण निदान २ (धोके), ४ (प्रथमोपचार) आणि ८ (संरक्षण) वाचा. धोक्याच्या कोडमध्ये एच ३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी, एच ३१४ म्हणजे त्वचा आणि डोळे भाजू शकतात.

आता मुख्य गोष्ट, लागलंच तर काय करायचं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यातलं काहीही त्वचेला लावू नका, अजिबात नाही. ॲसिटोन रेझिनला पातळ करून सगळीकडे पसरवतो आणि त्याच वेळी कातडीचं तेल काढून टाकतो, म्हणजे रेझिनला आत जायला दार उघडून देतो. आधी कोरड्या टिश्यूने किंवा स्वच्छ चिंधीने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. मग मेकॅनिक लोक वापरतात तसला बिनपाण्याचा हँड क्लीनर कोरड्या हातावर चोळायचा, रेझिन सुटून आलं की पुसायचं, आणि मग साबण आणि कोमट पाणी. क्लीनर नसेल तर मी खोबरेल तेल वापरते, तेल चोळलं की चिकटपणा सैल होतो, पुसून घ्यायचं आणि दोनदा साबणाने धुवायचं, तेल तसंच ठेवायचं नाही कारण त्यात रेझिन मिसळलेलं असतं. शेवटी साधं मॉइश्चरायझर, कारण भेगाळलेल्या हातातून सगळंच लवकर आत जातं. नुसता हार्डनर सांडला असेल तर क्लीनर शोधत बसू नका, थेट नळाखाली भरपूर पाणी, कपड्यावर असेल तर कपडा काढून टाका. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं घड्याळ लावून पाणी मारा आणि डॉक्टरकडे जा. आणि लक्षात आलंच नाही आणि हातावर कडक झालं तर ब्लेडने खरवडू नका, पॉलिश पेपर तर नकोच, तेल लावत राहा, दोन-चार दिवसात कातडीबरोबर आपोआप निघतं.

ग्लोव्ज नायट्राइलचेच घ्या. लेटेक्सवर भरवसा ठेवू नका. पातळ नायट्राइल सुद्धा दिवसभर चालत नाही, मी अर्ध्या तासाने बदलते आणि रेझिनचा मोठा डाग पडला तर लगेच. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, ब्रश धुताना ॲसिटोन ग्लोव्जवर सांडला तर तो नायट्राइलमधून काही मिनिटांत आत येतो आणि येताना रेझिनला पण घेऊन येतो, त्यामुळे टूल्स धुवायला ब्यूटाइल रबरचे जाड ग्लोव्ज वेगळे ठेवा. काढताना मनगटाकडून उलटे सोलून काढायचे. आणि प्लीज ग्लोव्ज घालून मोबाइल उचलू नका. आमच्याकडे एकीच्या कानामागे आणि गालावर पुरळ यायचं, हातावर काहीच नाही, शेवटी कळलं की फोनवरून लागत होतं. दाराची कडी, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं तसंच. टॉयलेटला जायच्या आधी पण हात धुवायचे, नंतर तर धुतोच आपण.

घरी रेझिनमध्ये वरमाला प्रिझर्व्हेशन, कोस्टर वगैरे करणाऱ्यांनी पण हे वाचा, कारण डब्यावर नॉन टॉक्सिक लिहिलं म्हणून उघड्या हाताने ओतणारे बरेच दिसतात. पूर्ण क्युअर झालेला (आतपर्यंत कडक झालेला) पीस त्रास देत नाही हे बरोबर आहे, पण तुम्ही हाताळताय ते ओलं रेझिन. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त टाकू नका, लवकर सुकत नाही, उलट जास्तीचा हार्डनर तसाच पीसमध्ये राहतो आणि तोच नंतर हाताला लागतो. वजनकाटा वापरा. मे महिन्यात दुपारी मोठा मग भरून मिक्स केलात तर तो मगातच तापून धूर सोडतो (तापमान १० डिग्री वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो), म्हणून थोडं थोडं बनवा आणि बनवल्यावर पसरट ट्रेमध्ये ओता. उरलेलं बेसिनमध्ये नाही, कडक होऊ द्या आणि मग कचऱ्यात.

सँडिंगची घाई सगळ्यात जास्त नडते. पार्ट हाताला कडक लागतो पण आतून अजून पूर्ण झालेला नसतो, आणि ती धूळ घामावर बसली की मान, कोपराची घडी, पापण्या सगळीकडे जाते. रूम टेंपरेचरला क्युअर होणारं असेल तर मी ७ दिवस थांबते, वॉटर पेपर घेऊन ओलं घासते, एन ९५ आणि फुल स्लीव्ह घालून, आणि ते कपडे घरच्या कपड्यात धुवायला टाकत नाही. एन ९५ फक्त धुळीसाठी हा, वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

पुरळ आलंच तर काम थांबवा आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा, मेडिकलमधली स्टेरॉइडवाली मिक्स मलमं स्वतःच्या मनाने लावू नका, तात्पुरतं दबतं आणि खरं कारण लपतं. जाताना डेटा शीटची प्रिंट न्या, रेझिन आणि हार्डनर दोन्हीची, नुसतं केमिकल लागलं म्हणून सांगितलं तर त्यांना काय टेस्ट करायचं ते कळणार नाही. पॅच पाठीवर लावतात, ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर परत एक-दोन दिवसांनी बघायला बोलावतात, तर तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम करायचं नाही, सुट्टी आधीच टाकून ठेवा.