आईबाबांना विसरायला होतंय? बँकेची कामं आत्ताच उरका

आमच्या बाबांचं पहिल्यांदा लक्षात आलं ते पासबुकावरून. आठवड्यात तीनदा बँकेत जाऊन एन्ट्री मारून आणायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, पेन्शन जमा झाली का रे? आम्ही म्हटलं वय झालं, चालायचंच. त्यात सहा-आठ महिने फुकट गेले. म्हणून सांगतो, डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं की पहिल्या महिन्यातच ही कामं काढा, आपण कशावर सही करतोय हे त्यांना कळतंय तोवरच सगळं सोपं आहे.

पॉवर ऑफ ॲटर्नीच्या (मुखत्यारपत्राच्या) भरवशावर राहू नका. अमेरिकेतला भाऊ सारखा म्हणायचा ड्युरेबल, म्हणजे भान गेल्यावरही चालणारी करून घे, पण तसला प्रकार आपल्याकडे नाही, देणाऱ्याचं भान गेलं की ती संपते, रजिस्टर केलेली असली तरी. नॉमिनीचंही तेच, तो माणूस गेल्यावरच कामाला येतो.

उपयोगाचं म्हणजे जॉइंट खातं, आणि फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं) लिहिलंय ना ते बघा, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिलं नाव असलेले आई किंवा बाबा हयात असेपर्यंत तुम्हाला पैसे काढता येत नाहीत. पेन्शनच्या खात्यात बहुतेक वेळा फक्त नवरा-बायकोच चालतात, म्हणून आम्ही माझ्यासोबत दुसरं खातं काढलं आणि दर महिन्याला तिकडे पैसे वळतील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिली. एफडी मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या मागतात, तेव्हा एक मोठी ठेवण्यापेक्षा छोट्या छोट्या आणि कमी मुदतीच्या करा.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. केंद्राच्या पेन्शनरांना ८० नंतर ऑक्टोबरपासूनच देता येतो. जीवन प्रमाण ॲपवर घरबसल्या चेहरा दाखवून होतं, फक्त डोळे मिचकवा म्हटलं की बाबा डोळे मिटूनच बसायचे, चौथ्या वेळी जमलं एकदाचं. सकाळी नाश्त्यानंतर करा, संध्याकाळी चिडचिड जास्त असते.

फोनवरून यूपीआय काढून टाका, डेबिट कार्डाची लिमिट अगदी कमी करा, मेसेज तुमच्या नंबरवर येऊ द्या. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, उद्या बघू करू नका. औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या टॅक्स पद्धतीत (इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वजावट मिळते, त्याला न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं!

उशीर झालाच असेल तर? सही जमत नसेल पण समजत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी. समजतही नसेल तर मात्र पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, वकील आणि डॉक्टरांची तपासणी आलीच.

आणि एक वही ठेवा, प्रत्येक खर्च तारखेसकट, बिलं मागे टाचून, बहीण-भावांना दर महिन्याला फोटो. कारण ‘याने माझे पैसे खाल्ले’ हे ते पाहुण्यांसमोर म्हणणारच, तेव्हा वाद घालू नका, आजार बोलतोय तो.

पाकीट तेवढं काढून घेऊ नका. मी दर सोमवारी सुटे पाचशे ठेवतो, बाबा दिवसभर मोजतात, कधी ३४० होतात कधी ५१०, मग सगळे दूधवाल्याला देऊन टाकतात. त्याला आधीच सांगून ठेवलंय, तो संध्याकाळी आणून देतो.