बोटीच्या छताच्या पारदर्शक खिडक्या: या चुका टाळा

बेलापूरच्या खाडीत बोट ठेवणारे अनेकजण मला विचारतात की, दोनच वर्षांपूर्वी छताच्या कापडाला शिवून बसवलेली प्लास्टिकची खिडकी इतक्यात दुधाळ कशी झाली? सगळा दोष उन्हाला दिला जातो. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक खिडक्या उन्हाच्या आधी फडक्याने खराब केल्या आहेत.

आपल्या खाडीचे पाणी गाळाचे आहे. उडालेले तुषार सुकले की प्लास्टिकवर मिठाचा आणि मातीचा कणीदार थर उरतो, आणि त्यावर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर घासणे होय. एका परिचिताच्या बोटीवर हे काम रोज सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्याने, मनापासून केले जात असे. एका हिवाळ्यात सकाळी आम्ही घारापुरीहून परतत असताना ऊन समोरून आले आणि अख्खी खिडकी पांढरी झाली. मच्छिमारांच्या जाळ्याचे खुंट दिसले तेव्हा ते जेमतेम पंचवीस हातांवर होते. इंजिन वेळीच मागे घेतले म्हणून आम्ही वाचलो. नंतर जवळून पाहिले, तर खिडकीभर कोळिष्टकासारखे गोल गोल बारीक ओरखडे होते. मी आधी वरून गोड्या पाण्याची बादली सावकाश ओततो, मीठ विरघळू देतो, मग सौम्य साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुतो आणि मऊ ओलसर कापडाने पाणी टिपून घेतो. दहा मिनिटे लागतात. तेवढी सवड नसेल, तर खिडकीला हात न लावलेलाच बरा.

काच पुसण्याचा अमोनियायुक्त फवारा, रॉकेल, थिनर आणि पेट्रोल यांपैकी काहीही वापरू नये. त्यांनी हे प्लास्टिक धुरकट किंवा कडक होते. डास पळवणारे मलम लावलेला हातसुद्धा डाग पाडतो.

निवडताना लोक टेबलावर अंथरायचे पारदर्शक प्लास्टिक घेऊन येतात, याचा मला खरोखर त्रास होतो. समोरच्या खिडकीसाठी 0.75 ते 1 मिलिमीटर जाडीचे, अतिनील किरणांना टिकणारे आणि सपाट दाबून गुळगुळीत केलेले व्हिनाइल, म्हणजे गुंडाळता येणारे मऊ प्लास्टिक, घ्यावे. दुकानातच तुकडा डोळ्यांसमोर धरून पलीकडच्या इमारतीची कड पाहावी. ती लाटेसारखी वाकडी दिसली, तर कितीही स्वस्त असला तरी तो तुकडा परत करावा. जी खिडकी कधीच गुंडाळायची नाही, तिथे ओरखडेरोधक थर दिलेले पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक उत्तम.

शिवणीचे टाके फार जवळ घातले, तर प्लास्टिक तिकिटांच्या पानासारखे त्या रेषेवरच फाटते. चेन प्लास्टिकच्या दातांची असावी. उन्हात तापणारा स्टीलचा पाइप जिथे टेकतो, तिथे पांढऱ्या कॅनव्हासची पट्टी लावावी. नाहीतर तिथे तपकिरी पट्टा उमटतो.

पावसाळ्यात बोट बांधून ठेवताना खिडक्या उतरवून पूर्ण वाळवाव्यात आणि मध्ये जुनी सुती चादर घालून सैल गुंडाळाव्यात. घडी घालू नये, आणि वर्तमानपत्र तर अजिबात वापरू नये, कारण त्याची शाई प्लास्टिकवर उतरते.

हलके ओरखडे प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने कमी होतात. टूथपेस्टच्या नादी लागू नये. खिडकी पिवळी पडून कडक झाली असेल, तर ती बदलावीच लागते.