ऑनलाइन पदवी: अभ्यासाला हात लागण्याआधीच वर्ष घालवणाऱ्या चुका

कॉलेजात हजेरी कमी पडली की बोर्डावर नाव लागतं. फॉर्मची तारीख जवळ आली की ऑफिसबाहेरची रांगच आठवण करून देते. ऑनलाइन पदवीत ही सोय नाही. सूचना येतात, पण पोर्टलच्या ज्या पानावर येतात तिथे आपण महिना-महिना फिरकत नाही. म्हणून इथे वर्ष जातं ते बहुतेकदा विषय जड गेला म्हणून नाही. नाव जुळत नाही, फॉर्म राहतो, फाइल चढतच नाही, आणि या सगळ्याबद्दल योग्य माणसाला वेळेत कोणी विचारलेलं नसतं.

नाव जुळत नाही

2024-25 पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो. तो यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर फुकट निघतो, पण त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा होतात त्या खात्याचा क्रमांक हवा. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून मिळतो आणि डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं. म्हणजे आधारवर चूक असली की ती थेट पदवीपर्यंत पोचते.

आपल्याकडे हे हमखास घडतं, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, तर आधारवर क्रम उलटा. लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुतेक ठिकाणी निभावतं. नावच वेगळं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा आणि कोणतं चालेल हे फी भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. घाईघाईत आधार बदलायला धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

मान्यता विद्यापीठाला असते, तशीच अभ्यासक्रमालाही लागते

‘यूजीसी मान्यताप्राप्त’ एवढं वाचून पैसे भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डीईबीच्या यादीत चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, माध्यम (दूरस्थ की ऑनलाइन, हे दोन वेगळे प्रकार आहेत) आणि तुम्ही प्रवेश घेताय ते सत्र. गेल्या वर्षी मान्यता होती म्हणून यंदा असेलच असं नाही.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर, हॉटेल मॅनेजमेंट या पदव्या या दोन्ही पद्धतींनी देताच येत नाहीत. कोणी ‘घरबसल्या बीटेक’ म्हणाला की पुढचं ऐकायची गरज नाही. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर भरा. गल्लीतल्या ‘सेंटर’च्या यूपीआयवर पैसे गेले तर पावती त्या सेंटरची येते, विद्यापीठाची नाही. यूजीसीच्या नियमात फ्रँचायझीमार्फत प्रवेश देण्याला परवानगीच नाही.

तासांचा हिशेब न करता सगळे विषय घेतले

दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. सत्राला 20 श्रेयांक असतील तर 600 तास झाले. प्रवेश लांबतो, पुस्तकं उशिरा येतात, मध्ये गणपती आणि दिवाळी येते. हातात खरे 20 आठवडे उरले तर आठवड्याला 30 तास हवेत. आठ तासांची नोकरी आणि दोन तासांचा प्रवास करणाऱ्याला आठवड्याला 12 ते 15 तास मिळाले तरी नशीब.

हे गणित आधी मांडलं तर दोन वाटा दिसतात. ज्या विषयाचं थोडंफार माहीत आहे त्याला कमी तास द्यायचे, किंवा काही पेपर सरळ पुढच्या परीक्षेला टाकायचे. ही मुभा असते. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. पाच पेपरांची अर्धवट तयारी करून तीन गमावण्यापेक्षा तीन पेपर नीट दिलेले बरे. मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन पदवीत सत्रातल्या ऑनलाइन सहभागाची अट 75 टक्के असते, त्यामुळे तिथे ‘शेवटच्या महिन्यात सगळं बघून टाकू’ हा बेत जमत नाही. व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक करणाऱ्यांनीही सावध राहावं. मधले प्रश्न सोडवले नाहीत तर बऱ्याच प्रणाली तो सहभाग धरत नाहीत.

नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असं नसतं

‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवर आयआयटींचे जे एनपीटीईएल कोर्स असतात, त्यांत हे नेहमी दिसतं. कोर्सची नोंदणी फुकट असते. परीक्षेची नोंदणी वेगळी, फी वेगळी, तारीख वेगळी, आणि परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते. बाराही आठवड्यांच्या असाइनमेंट मनापासून करून परीक्षेची नोंदणी विसरलेल्यांच्या हाती प्रमाणपत्र येत नाही, आणि श्रेयांकही.

तिथलं गुणांचं गणितही माहीत असावं. बारा आठवड्यांच्या कोर्सला 12 पैकी उत्तम 8 असाइनमेंट धरतात. त्यांचे 25 गुण, परीक्षेचे 75. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 हवेत. एक आठवडा आजारपणात गेला म्हणून कोर्स सोडून देण्याचं काही कारण नाही.

मुक्त विद्यापीठांत गृहपाठ, पुढच्या वर्षाची फेरनोंदणी आणि परीक्षा अर्ज अशा तीन वेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात. इग्नूत गृहपाठाला साधारण 30 टक्के भार असतो आणि त्यात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखी परीक्षेत कितीही गुण पडले तरी गृहपाठाची उणीव भरून निघत नाही. तिन्ही तारखा मोबाइलच्या कॅलेंडरात टाका, पण मूळ तारखेच्या दहा दिवस आधी. मुदतवाढ मिळतेही, पण ती मिळणारच असं धरून कोणी बसू नये.

रात्री साडेअकरा वाजता फाइल चढत नाही

शेवटच्या रात्री सर्व्हर अडखळतो हे खरं, पण फाइल नाकारली जाण्याची कारणं बहुधा आपल्याच बाजूची असतात.

आयफोनने काढलेला फोटो हेइक (HEIC) प्रकारचा असतो आणि पोर्टलला जेपीजी हवा असतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पीडीएफ मोठी होत असेल तर पानं दिवसाउजेडी खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता स्कॅन करा आणि रंगीत ऐवजी ग्रेस्केल ठेवा. आकार एकदम उतरतो आणि अक्षरही नीट दिसतं. फाइलच्या नावात देवनागरी, कंस किंवा मोकळी जागा असली की काही पोर्टल काहीच न सांगता ती टाकून देतात. पीआरएन (तुमचा कायम नोंदणी क्रमांक) आणि विषयाचा कोड, एवढंच नाव इंग्रजी अक्षर-अंकांत ठेवा.

‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ ही दोन बटणं वेगळी आहेत. सबमिट झाल्यावर बाहेर पडा, पुन्हा लॉगिन करा, चढवलेली फाइल उघडून शेवटचं पान दिसतंय का बघा आणि तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढे ‘गृहपाठ मिळाला नाही’ असं उत्तर आलं तर तुमच्याकडे दाखवायला एवढाच पुरावा असतो.

फीचे पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर ‘पेंडिंग’ दिसतंय, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि एक दिवस थांबा. मुदत आज रात्रीच संपत असेल तर मात्र दुसऱ्यांदा भरा. दुहेरी भरलेली फी मागून परत मिळवता येते, गेलेली तारीख मिळत नाही.

विचारलं, पण उत्तर आलं नाही

या चुकीवर सगळ्यात कमी बोललं जातं. बहुतेक मेल असा असतो: ‘सर, माझा रिझल्ट आला नाही, कृपया मदत करा.’ खाली नाव, तेही टोपणनावाच्या ईमेलवरून. समोरच्या कारकुनापुढे असे शेकडो मेल पडलेले असतात. त्याने शोधायचं तर कुणाला?

तोच मेल असा लिहा. विषयाच्या ओळीत: पीआरएन, अभ्यासक्रम, विषयाचा कोड, ‘गृहपाठाचे गुण नोंदलेले नाहीत’. आत चार ओळी: गृहपाठ कोणत्या तारखेला, कुठे जमा केला, पोर्टलवर आज काय दिसतंय, सोबत पोचपावतीचा आणि आजच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि शेवटी नेमकी मागणी, म्हणजे ‘गुण नोंदवावेत किंवा ते कोणत्या कारणाने नोंदले नाहीत हे कळवावे’. एका मेलमध्ये एकच तक्रार. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर नवा मेल लिहू नका, त्याच मेलला उत्तर म्हणून आठवण पाठवा, म्हणजे आधीची तारीख त्यात दिसत राहते.

कोणाला विचारायचं हेही ठरलेलं असतं. विषयातली अडचण समंत्रकाला (अभ्यासकेंद्रावर शिकवणाऱ्या शिक्षकाला) किंवा कोर्सच्या चर्चापानावर, गृहपाठाचे गुण आणि संपर्कसत्रांचं वेळापत्रक अभ्यासकेंद्राला, प्रवेश आणि पत्ता बदल विभागीय केंद्राला, हॉल तिकीट आणि निकाल परीक्षा विभागाला. इग्नूची विभागीय केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्यातल्या कॉलेजांत आहेत. एकदा तिथे प्रत्यक्ष जाऊन या. फोनवर महिनाभर अडलेलं काम समोर बसल्यावर कधी कधी अर्ध्या तासात सुटतं.

व्हॉट्सॲप ग्रुप उपयोगाचे, पण तिथून तारखेचा सुगावा घ्या आणि खात्री विद्यापीठाच्या परिपत्रकावरच करा. फिरत आलेलं परिपत्रक मागच्या वर्षीचं निघण्याची शक्यता बरीच. ग्रुपपेक्षा एकाच विषयाची दोन-तीन माणसं गाठा आणि रविवारी तासभर एकमेकांना एकेक धडा समजावून सांगा. घरी जागा नसेल तर तालुक्याच्या वाचनालयाची अभ्यासिका आहेच. इग्नूची बरीच पुस्तकं तिच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

मेल आणि आठवणीनेही काम झालं नाही तर विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार अशी समिती असावी लागते आणि तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आधीच्या मेलची साखळी इथे कामी येते.

लिहायला अडचण असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि ताशी किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, परीक्षेच्या सकाळी केंद्रावर मागून मिळत नाही. आणि अभ्यासापेक्षा मनच थकलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

घरून परीक्षा देताना

ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. कंपनीची सुरक्षा प्रणाली परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवते आणि ते नेमकं सुरू होण्याच्या क्षणी कळतं. मॉक टेस्ट त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळी द्या. विंडोजचं अपडेट आदल्या दिवशी उरकून घ्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कॅमेरा चालू ठेवून किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा.

लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. बहुतेक घरगुती राउटर 12 व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना ॲडाप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा आकार जुळवून घ्या. दुसरा पर्याय मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. लॅपटॉप आदल्या दिवशी एकदा हॉटस्पॉटला जोडून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. फोन मात्र घरातल्या दुसऱ्या कोणाकडे, खोलीबाहेर राहू द्या आणि मदतकेंद्राचा नंबरही त्यांच्याकडे देऊन ठेवा. परीक्षेत फोन हातात दिसला तर एररचा फोटो काढत होतात हे निरीक्षकाला पटणं कठीण. जोडणी तुटली तर त्याच लिंकवरून परत आत या, आणि पेपर संपल्यावर त्याच दिवशी, किती वाजता तुटली आणि किती वाजता जोडली हे लिहून परीक्षा विभागाला मेल टाका.