सक्युलंटची कुंडी बदलली आणि रोप गेलं? या चुका टाळा

कुंडी बदलल्यावर सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं जाडसर रोप) मेलं असं कुणी सांगितलं, की मी एकच विचारते: पाणी कधी घातलं? उत्तर बहुतेक वेळा 'लगेच' असंच येतं. साहजिकच आहे. इतर कुठलंही रोप लावलं की वरून भरपूर पाणी घालायचं, म्हणजे माती बसते आणि रोप तग धरतं, हे हाताला सवयीचं झालेलं असतं.

सक्युलंटला नेमकं हेच सोसत नाही. कुंडीतून काढताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतातच. त्या उघड्या जखमा ओल्या मातीत गेल्या की बुरशी शिरते आणि कूज मुळातून खोडाकडे चढत जाते. जखम कोरडी होऊन तिच्यावर खपली धरली की मग फारशी भीती नाही. तेवढे दिवस रोप तहानेनं मरत नाही, पाण्याचा साठा पानांतच असतो. शिवाय बहुतेक सक्युलंट आपली रंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) दिवसा मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे उडून जाणारं पाणी फार थोडं.

मग थांबायचं किती? मुळांचा गोळा न मोडता रोप नुसतं मोठ्या कुंडीत सरकवलं असेल, तर दोन-तीन दिवस पुरेत. जुनी माती झाडून, मुळं मोकळी करून लावलं असेल तर आठवडाभर. कुजलेली मुळं कापावी लागली असतील, तर लावण्याआधीच रोप तीन-चार दिवस सावलीत, हवेशीर जागी उघडं ठेवा. जाड खोड कापलं असेल तर त्याहून जास्त. आणि हो, लावायची माती कोरडीच हवी. ओलसर माती वापरून 'मी पाणी कुठे घातलं?' म्हणण्यात अर्थ नाही. अपवाद बियांपासून उगवलेल्या नखाएवढ्या रोपांचा. त्यांच्याकडे साठा नसतो, केसासारखी मुळं लगेच वाळतात, त्यांना फार कोरडं ठेवू नका.

दुसरी चूक हौसेची: 'पुन्हा पुन्हा कोण बदलणार' म्हणून भली मोठी कुंडी घेणं. मुळं जिथवर पोहोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. जुन्या कुंडीपेक्षा 2-3 सेंटिमीटर रुंद कुंडी पुरते. तळाला भोक नसेल तर ती कितीही देखणी असो, शोभेला बाहेरून वापरा.

तळाशी खडीचा थर दिला की पाण्याचा निचरा होतो, हा सल्ला काही केल्या मरत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे ओला पट्टा जो तळाशी राहिला असता तो खडीमुळे उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, माती सांडू नये एवढ्यापुरता. बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणानं भरा.

मिश्रणात निम्मा भाग तरी खनिज हवा: परलाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे), प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), विटांचे चाळलेले तुकडे किंवा जाडी वाळू. दाणा साधारण 3 ते 6 मिलिमीटरचा. इथे वाळूनं अनेकांना फसवलंय. बारीक वाळू मातीच्या फटींत जाऊन बसते आणि निचरा वाढण्याऐवजी सगळं दगडासारखं घट्ट होतं. चाळून खाली पडलेली भुकटी टाकून द्या.

विकत आणलेल्या रोपाचा गोळा तसाच नव्या मातीत ठेवू नका. तो बहुधा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट मॉसचा (दलदलीतल्या शेवाळाचा वाळलेला भुसा) असतो. भोवतीचं मिश्रण वाळलं तरी तो आत ओला राहतो. आणि पीट मॉस एकदा कडकडीत वाळलं की पाणी त्याच्या कडेनं निसटून जातं, आत शिरतच नाही. माझं एक एचेवेरिया (गुलाबासारख्या रचनेच्या पानांचं सक्युलंट) असंच सुकत गेलं. मी पाणी घालत होते, खालून येतही होतं. उपटून पाहिलं तर मधला गोळा ठणठणीत कोरडा आणि मुळांभोवती रोपवाटिकेतली जाळी तशीच आवळलेली! तेव्हापासून गोळा बोटांनी मोडल्याशिवाय मी लावत नाही.

लावताना पानांना बोटं लावू नका. एचेवेरियासारख्यांच्या पानांवरची पांढरी भुकटी मेणाची असते, उन्हापासून जपते, आणि पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. खालची पानं मातीत पुरू नका, तिथूनच सडायला लागतात. युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, त्यामुळे हातमोजे हवेतच. लिथॉप्सची (खड्यासारखं दिसणारं, पानांच्या एकाच जोडीचं सक्युलंट) जुनी पानं सुकून आतून नवी जोडी येत असेल तर त्याला अजिबात हात लावू नका. इतरांची कुंडी बदलायला वाढीचा काळ सुरू होतानाची वेळ चांगली.

खरी परीक्षा पुढच्या तीन-चार आठवड्यांत असते, कारण रोप थोडं आजारी दिसतंच. पानांवर सुरकुत्या येतात, कारण मुळं अजून कामाला लागलेली नसतात. अशा वेळी पाणी वाढवलं तर ते मातीतच साचून राहतं. पान कडक पण सुरकुतलेलं असेल तर धीर धरा. पिवळट, पारदर्शक होऊन हात लागताच गळत असेल तर ती कूज. रोप उपटा आणि स्वच्छ पात्यानं खोड कापत वर या, काप आतून एकसारखा, डाग नसलेला दिसेपर्यंत. अगदी खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळली तर काळजी नको, ते वयामुळे. रोपानं मूळ धरलं का, हे हलकेच ओढून कळतं: ते मातीला धरून राहतं.

मुळांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड. परलाइट समजून सोडू नका. परलाइटचा दाणा चिमटीत कडक लागतो, हा चिरडला जातो. सगळी माती टाका, मुळं धुवा, रोप वाळवून नव्या मिश्रणात लावा आणि काही आठवडे इतरांपासून लांब ठेवा.

पहिले दहा-पंधरा दिवस भरपूर उजेड, पण थेट दुपारचं ऊन नको. पानं भाजली तर डाग जात नाहीत. खत महिनाभर तरी नाही. पाणी घालायचंच तेव्हा भोकातून वाहीपर्यंत घाला, मग माती तळापर्यंत सुकू द्या. लाकडी काडी खोल खुपसून बाहेर काढली की कळतं. रोज फवारा मारण्यानं फक्त वरचा थर ओला होतो.

या खटाटोपात गळलेली निरोगी पानं फेकू नका. दोन दिवस वाळवून कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवा. एचेवेरिया, सेडम, ग्राप्टोपेटलम यांना देठाशी गुलाबी मुळं फुटतात. एओनियमच्या पानांवर मात्र वेळ घालवू नका.