सामाजिक चिंतेची प्रश्नावली तुर्कीत आणताना या चुका टाळा

सामाजिक चिंता, म्हणजे लोकांमध्ये वावरताना वाटणारी भीती, मोजणारी प्रश्नावली तुर्की भाषकांसाठी तयार करताना सर्वाधिक फसगत होते ती उलट भाषांतर जुळल्यामुळे. इंग्रजीतून तुर्कीत आणि तेथून पुन्हा इंग्रजीत नेलेले विधान मुळाशी जुळले, की काम संपले असे मानले जाते. परंतु उलट भाषांतर करणाऱ्याला ही मापनी आधीपासून ठाऊक असेल, तर संदिग्ध तुर्की शब्दातूनही तो अपेक्षित अर्थ बरोबर शोधून काढतो आणि ती संदिग्धता उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला जाते.

'सिकिल्माक' या क्रियापदाचेच पाहा. त्याचा अर्थ अवघडणे, संकोचणे असा होतो, तसाच कंटाळणे असाही होतो. त्यामुळे 'लोकांमध्ये मी सिकिल्माक अनुभवतो' अशा धर्तीच्या विधानाला केवळ गप्पांचा कंटाळा असलेला माणूसही होकार देईल. एखाद्या विधानाचा एकूण गुणांशी असलेला सहसंबंध (दोन्ही गुण सोबत वाढण्या-घटण्याचे प्रमाण) अनपेक्षितपणे कमी निघाला, तर ते वगळण्याची घाई न करता आठ-दहा जणांना ते मोठ्याने वाचायला सांगून, त्यातून काय समजले हे त्यांच्याच शब्दांत विचारावे. पर्याय म्हणून 'चेकिनमेक' बहुधा अधिक चांगला ठरतो. आपल्या 'भीड वाटणे' याच्या तो जवळ आहे. 'उतानमाक' म्हणजे लाज वाटणे, आणि लाज घडून गेलेल्या गोष्टीचीही वाटते, म्हणून तो शब्द सरसकट वापरू नये.

मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लीबोविट्झ यांच्या १९८७ च्या सामाजिक चिंतेच्या मापनीत २४ प्रसंग असून भीती आणि टाळाटाळ यांना ० ते ३ असे स्वतंत्र गुण दिले जातात. त्यांतील सार्वजनिक ठिकाणी इतरांसोबत पेय घेण्याच्या प्रसंगासाठी 'इच्की' हा शब्द आला, की तो थेट मद्याचा प्रश्न होतो. मग धार्मिक कारणाने मद्य न घेणारी व्यक्ती टाळाटाळीत पूर्ण गुण मिळवते, भीतीत मात्र शून्य. भीती आणि टाळाटाळ यांच्या गुणांत अशी फारकत दिसली, तर आधी शब्द तपासावा. चहाचा उल्लेख केल्यास हा घोटाळा मिटतो. वरिष्ठांशी बोलणे किंवा असहमती व्यक्त करणे या प्रसंगांत चिंता कोणती आणि वडीलधाऱ्यांचा मान कोणता, हे वेगळे करणे याहून पुष्कळ कठीण आहे. तेथे केवळ शब्द बदलून भागत नाही, मुलाखतच घ्यावी लागते.

व्याकरणाचे दोष त्या मानाने लवकर सापडतात. तुर्कीत नकार क्रियापदाच्या पोटात एका अक्षराएवढा दडलेला असतो ('काचिनिरिम' म्हणजे मी टाळतो, 'काचिन्माम' म्हणजे मी टाळत नाही), म्हणून घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो आणि उलट गुणांकनाची विधाने (ज्यांना होकार दिल्यास चिंता कमी धरली जाते) एकत्र येऊन घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती विधाने एकत्र गटात पडतात हे पाहणाऱ्या गणितात, वेगळाच घटक निर्माण करतात. अशी विधाने होकारार्थी शब्दांत लिहावीत. तसेच सूचनेत गेल्या आठवड्याचा काळ दिला असेल, तर सवय दाखवणारे रूप वापरू नये, कारण तसे केल्यास सध्याच्या त्रासाऐवजी स्वभाव मोजला जातो.

लीबोविट्झ मापनीच्या इंग्रजी आवृत्तीसाठी सुचवलेली ३० किंवा ६० गुणांची सीमा (जिच्यापुढे विकार असण्याची शक्यता धरतात) तशीच उचलू नये. तुर्कस्तानात ठरवलेली सीमा जर्मनीत वाढलेल्या तुर्की भाषकांना लावण्यापूर्वीही दोन्ही गटांत विधाने एकाच रीतीने मोजतात का, हे तपासावे लागते.