गाडीखालचा तुटका भाग कसा ओळखावा

गाडीखाली काही तुटलेलं, लोंबकळलेलं दिसलं, तर आधी दुसऱ्या बाजूच्या चाकाजवळ बघा. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे बहुतेक भाग जोडीने असतात. न तुटलेला जोडीचा भाग समोर असला की तुटक्याचा मूळ आकार लगेच कळतो. प्लास्टिक आणि रबरी भागांवर बरेचदा पार्ट नंबर कोरलेला असतो. तो पुसून फोटो काढा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचं (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, फाटलेलं असण्याची शक्यता मोठी.

तुटका भाग काढूनच टाकला की गाडीच्या चाचणीत दोष दिसणार नाही, हा समज मात्र चुकीचा आणि धोक्याचा आहे. ब्रिटनच्या एमओटी चाचणीत (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याची सक्तीची तपासणी) हे बूट किंवा बॉल जॉइंटचं (सस्पेन्शन-स्टिअरिंगमधल्या गोल, फिरत्या सांध्याचं) धूळरोधक आवरण नुसतं जीर्ण असेल, तर किरकोळ दोष लिहून गाडी पास होते. तेच गायब असेल किंवा माती आत शिरू देत असेल, तर गाडी नापास. मुळात डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीतून तो काढला असेल, तरी 2014 पासून नापासच. इंजिनाखालच्या प्लास्टिक पत्र्याचं तसं नाही, तो नसला म्हणून गाडी नापास होत नाही. पण अर्धवट लटकत असेल तर आजच बांधा, चालत्या गाडीतून तो मागच्याच्या अंगावर जाऊ शकतो.