गांडुळं खाणारा चपटकृमी शेतात शिरू नये म्हणून या चुका टाळा

न्यूझीलंडचा हा चपटकृमी 1963 मध्ये बेलफास्टला सापडला, 1965 मध्ये एडिनबराला. आता स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या बागांतून तो कुरणांतही उतरलाय. त्याचं खाणं म्हणजे गांडुळं. उत्तर आयर्लंडमधल्या एका शेतचाचणीत गांडुळांचं एकूण वजन सुमारे 20 टक्के घटलं. मात्र खोल उभी बिळं करणाऱ्या मोठ्या जातीचं 75 टक्के. पाणी जिरवणारी बिळं हीच, त्यामुळे फटका निचऱ्याला बसतो.

गोगलगाय किंवा जळू समजून सोडून देणं. दगड उचलला की खाली नाण्याएवढी चिकट गुंडाळी दिसते. उलगडली तर 5 ते 15 सेंटीमीटरची चपटी फीत: पाठ जांभळट तपकिरी, कडा आणि पोट फिकट, दोन्ही टोकं निमुळती. अंगावर वळ्या नाहीत, म्हणजे गांडूळ नाही. चूषक (चिकटून बसायच्या चकत्या) नाहीत, म्हणजे जळूही नाही. शेजारी अंड्यांची काळी चकचकीत पिशवी दिसली तर तीही चिरडा, एकीतून अनेक पिल्लं निघतात.

कुंडीतलं रोप तसंच लावणं. खरा प्रसार इथूनच होतो. स्वतःहून हा प्राणी फार लांब जात नाही. रोप कुंडीतून काढून मुळांचा गोळा आणि कुंडीचा तळ नीट बघा. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेलं रोपही याला अपवाद नाही! शेतात मुरघासाचे प्लॅस्टिकबंद गठ्ठे महिनोन्‌महिने एकाच जागी पडून असतात, त्यांच्याखालीही तो दडतो. गठ्ठा हलवताना तळ तपासा.

उन्हाळ्यात दिसला नाही म्हणून निश्चिंत होणं. त्याला थंडावा आणि ओल लागते. जमीन तापली की तो खाली सरकतो. शोध वसंतात आणि शरदात घ्या: कुंपणाच्या कडेने ओल्या मातीवर काळं जाड प्लॅस्टिक अंथरा, वर वजन ठेवा आणि दर आठवड्याला सकाळी उचलून बघा. याने संख्या कमी होते, नायनाट होत नाही.

औषध शोधत बसणं. शेतात फवारावं असं खात्रीचं औषध नाही. वाफ्यात मीठ टाकलंत तर मातीच बिघडेल. हातमोजे घाला (चिकट स्रावाने कातडी चुरचुरू शकते), प्राणी बरणीत घ्या आणि मीठ किंवा उकळतं पाणी बरणीतच ओता. फावड्याने तुकडे करून सोडू नका. हातोड्यासारख्या डोक्याच्या चपटकृमींत तर तुटलेल्या शेपटीतूनही नवा जीव तयार होतो.